स्पायरला, म्हणजे चर्चच्या माथ्यावरच्या निमुळत्या टोकाला, मराठीत काय म्हणायचं? शिखर, कळस, मनोरा की सुळका?

कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकारावर थोडं लिहायला घेतलंय आणि दोन दिवस एकाच शब्दापाशी अडकून बसलेय. त्याचं १८११ चं हिवाळ्यातल्या चर्चचं चित्र आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत, जेमतेम ३२ बाय ४५ सेंटीमीटर. सगळीकडे बर्फ, पुढे फरची झाडं, त्यात एक क्रूस, खडकाला टेकून हात जोडलेला माणूस, आणि नीट बघितलं तर त्याच्या कुबड्या बर्फात पडल्यात, त्यानेच टाकून दिलेल्या. मागे धुक्यातून गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या उंच टोकदार शैलीचं, चर्च वर आलंय, आकार डिट्टो त्या झाडांसारखा. आता त्या टोकाला मनोरा म्हटलं की मशीद डोळ्यासमोर येते, शिखर म्हटलं की दगडी देऊळ. काय लिहू?

>> मनोरा म्हटलं की मशीद

मनोरा मुळात अरबी, मनारा म्हणजे दिव्याची जागा, तेव्हा अडचण अर्थाची नाही, आपल्या सवयीची आहे. पण तरी नको, कारण खालचा चौकोनी बुरुजासारखा भाग मनोरा म्हणून खपेल, वरचा निमुळता होत गेलेला भाग तो स्पायर, आणि त्याला मी बिनधास्त सुळका म्हणेन. सह्याद्रीत फिरणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय फ्रीडरिशच्या काळात गॉथिक म्हणजे जणू दगडाचं जंगल, खांब म्हणजे खोडं, कमानी म्हणजे फांद्या, असं बोललं जायचंच. जर्मन कवी गटेने १७७२ मध्येच स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलला देवाच्या झाडाची उपमा दिली होती. चर्च बांधलेलं नाही, उगवलंय, हे सुळक्यात येतं.

सुळका दिसायला बरोबर आहे हो, पण सुळक्याला कोणी हात जोडत नाही. माझं मत कळस. तांत्रिकदृष्ट्या चूक आहे माहितीय, कळस म्हणजे शिखराच्या टोकावरचा घडा, पण आपल्याकडे गर्दीत आत जाता आलं नाही तर माणूस लांबूनच कळसाचं दर्शन घेतो आणि ते पोचलं असं मानतो. तुमचा कुबड्यावाला तेच तर करतोय! चर्च लांब, धुक्यात, तो काही तिथवर चालत जाणार नाहीये. आणि शब्द इकडचे तिकडे जातातच की, पुण्याच्या कँपातलं लाल देऊळ हे ज्यूंचं सिनेगॉग आहे, आपण देऊळ म्हणूनच पत्ता सांगतो.

कळसदर्शन हे मला सुचलंच नव्हतं, थँक्यू. पण याच माणसाचं दुसरं चित्र घेतलं तर घोळ होतो. ओकच्या जंगलातला मठ, १८०९-१० चं, १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीत लागलं आणि प्रशियाच्या राजाने घेतलं. तिथे कळस नाही की सुळका नाही, एक भिंत उरलीय, तिच्यात उंच रिकामी खिडकी, दोन्ही बाजूंना निष्पर्ण ओक, आणि खालच्या दारातून भिक्षू शवपेटी घेऊन आत चाललेत. आत म्हणजे कुठे, पलीकडेही जंगलच. ही भिंत त्याच्या गावाजवळच्या एल्डेना मठावरून घेतलीय, तो मठ खरा विटांचा आणि त्याच्या विटा लोकांनी दुसऱ्या बांधकामाला नेल्या, म्हणजे आपल्याकडच्या पडक्या वाड्यांसारखंच. मी आधी भग्न मठ लिहिलं होतं.

>> भग्न मठ

भग्न नको. भग्न मूर्ती आपण पूजेत ठेवत नाही, विसर्जन करतो, म्हणजे त्या शब्दातच काम संपलं असं येतं. इथे तर अंत्ययात्रा अजून त्याच दारातून चाललीय. पडका मठ लिहा.

पडका केलं. पहिल्या चित्रात सुळका ठेवतेय, आणि माणसाच्या वाक्यात कळस.

एकाच चित्रात दोन शब्द? संपादक कापतील बघा.