जॅझ गिटारचा पिकअप बदलायचाच असेल तर हमबकरच्या जागी पी-९० लावा

तिसरी_तार (धागाकर्ता)

इथे वरचेवर एकच प्रश्न येतो. लॅमिनेटेड मेपलची (लाकडाचे पातळ थर चिकटवलेली) पोकळ गिटार आहे, मानेकडच्या पिकअपचा (तारांचं थरथरणं विजेत बदलून ॲम्पला देणारा भाग) आवाज गढूळ येतो, तर कोणता हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) घेऊ? मग सेमूर डंकनचा सेथ लव्हर, गिब्सनचा ५७ क्लासिक अशी नावं सुचवली जातात आणि चर्चा तिथेच थांबते. मला हे पटत नाही. एक हमबकर काढून दुसरा लावला की फरक पडतो, पण केलेल्या खर्चाच्या मानाने फार थोडा. जॅझ वाजवणार असाल तर पी-९०, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, लावा.

आपल्यातले बहुतेक जण जिच्या घाटणीच्या गिटारी वाजवतात ती गिब्सनची ईएस-१७५ १९४९ साली आली तीच पी-९० घेऊन. तिच्यावर हमबकर आला १९५७ मध्ये. त्यानंतरही, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, गिटारवादक जिम हॉल सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सबरोबर वाजवत होता तो एकच पी-९० असलेल्या १७५वर. गिटारवादक ग्रँट ग्रीनच्या ईएस-३३०वरही पी-९०च. दोघांचे स्वर नीट ऐका. स्वराची सुरुवात स्वच्छ कळते, गोलाई तिच्या मागून येते. चार सुरांच्या कॉर्डमध्ये आतला सूर हलला तर तो हलल्याचं कळतं. हमबकर तारेचे दोन भाग एकदम ऐकतो, त्यामुळे वरची काही हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) एकमेकांना मारतात. पी-९०ला एकच कॉइल, त्यामुळे तो एकाच जागी ऐकतो.

दुसरं म्हणजे लाकूड. कोरीव स्प्रूसच्या (अखंड लाकूड कोरून केलेल्या) गिटारला स्वतःचा भरपूर आवाज असतो. लॅमिनेटचं पोट त्यापेक्षा कमी थरथरतं, म्हणून तर ते ॲम्पसमोर जास्त टिकतं. पण मग ॲम्पमधून जे बाहेर येतं त्यात पिकअपचा वाटा मोठा होतो. अशा गिटारला पिकअप निवडताना भीड बाळगू नये. हमबकरच्या मापाच्या डबीत बसणारे पी-९० मिळतात, लाकडाला हात लावावा लागत नाही.

ठाण्याचा_ठेका

पूर्ण असहमत. तुम्ही घरी वाजवता की बाहेर?

पी-९० म्हणजे सिंगल कॉइल, आणि सिंगल कॉइल म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण. आपल्याकडच्या किती हॉलमध्ये आर्थिंग धड असतं? वर स्टेजच्या दिव्यांचे डिमर. बॅलडमध्ये दोन स्वरांच्या मधली शांतता हाच तर जीव असतो, आणि तिथे ॲम्प घूंऽऽ करत बसतो. दोन पी-९० उलट गुंडाळीचे घेऊन मधल्या स्विचवर वाजवले की गुणगुण मरते हे मला माहीत आहे. पण जॅझमध्ये आपण मानेकडचा एकटाच पिकअप वापरतो, मग त्याचा उपयोग काय?

गिब्सनच्या सेथ लव्हरने (वरच्या पिकअपला त्याचंच नाव) हमबकर बनवला तो नेमका याच त्रासावर. पेटंटचा अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९ला. त्यानंतर जो पास आणि वेस माँटगोमेरी या जॅझ गिटारवादकांनी अनुक्रमे १७५वर आणि गिब्सनच्या एल-५वर जे केलं ते हमबकरवरच. त्यांच्या कॉर्डमधले आतले सूर कोणाला ऐकू येत नाहीत?

तिसरी_तार

ठेका, वेसचं उदाहरण इथे चालत नाही. त्याची एल-५ कोरीव स्प्रूसची, आणि वर त्याचा अंगठा. मी लॅमिनेटबद्दल बोलतोय.

गुणगुण आहे, नाकारत नाही. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी, नीट जोडलेलं आर्थिंग आणि ॲम्पपासून दोन पावलं दूर बसणं, एवढ्यानं ती पुष्कळ सुसह्य होते. गुणगुण न करणारे पी-९०ही मिळतात, पण त्यांत मला तो कोवळा कडकपणा जरा दबलेला वाटतो.

सोल्डरगन

मी लोकांच्या गिटारी उघडतो, म्हणून थोडं सविस्तर.

धागाकर्त्यांचा हार्मोनिक्सचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे, पण आकडे बघा. हमबकरच्या दोन कॉइलमध्ये साधारण १८ मिलिमीटर अंतर. तेवढ्या अंतराने जी हार्मोनिक्स मरतात ती सहाव्या तारेवर साधारण ३ किलोहर्ट्झला येतात आणि पहिल्या तारेवर ११च्या पुढे, जिथे गिटार ॲम्पचा स्पीकर पोचतच नाही. शिवाय जॅझवाले टोनचं बटण अर्धं बंद करून बसतात. तेव्हा 'दोन कॉइल, म्हणून गढूळ' हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

गढूळपणाची खरी कारणं मला बहुधा इथे सापडतात. पिकअप तारांना चिकटेल इतका वर चढवलेला असतो. मानेकडे तार मोठा झोका घेते, मग खर्ज फुगतो. पिकअप खाली उतरवा आणि खर्जाकडची बाजू जास्त उतरवा. दुसरं कारण पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या बटणाखालचा बदलता रेझिस्टर. ५०० किलोओहमच्या जागी २५०चा लावलेला असला की वरचा आवाज आपोआप झाकला जातो. तिसरं केबल. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. सहा मीटरची केबल ओढणाऱ्याने पिकअपला दोष देऊ नये.

आणि खरेदी करताना नुसते किलोओहम बघू नका. ४२ गेजच्या (तारेच्या जाडीचं माप) जागी ४३ गेजची बारीक तार गुंडाळली की वेढे तेवढेच राहूनही आकडा वाढतो. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या ईएस-१५०चा (हे मॉडेल १९३६चं) पिकअप जाड तारेचा होता, त्याचा रेझिस्टन्स आजच्या नेहमीच्या हमबकरपेक्षा खूप कमी. त्या आवाजाला कमजोर म्हणायची कोणाची छाती आहे?

माझा सल्ला: आधी उंची, पॉट, केबल. मग आहे त्याच हमबकरमधलं अल्निको ५ चुंबक काढून त्याहून सौम्य अल्निको २ घाला. चुंबकाची दिशा मात्र जुन्यासारखीच ठेवा. नवा पिकअप त्यानंतर.

पर्वरीकर

दोन्ही बाजूंचं एक राहिलं. वॅक्स.

जुन्या पद्धतीचे हमबकर आणि बरेच पी-९० मेणात बुडवलेले नसतात. घरी, ब्रशने वाजणाऱ्या ड्रमसोबत, ते फार सुंदर वाटतात, हवा असल्यासारखे. पण गोव्यात बीचवर मोकळ्या स्टेजला ॲम्प वाढवला की तेच पिकअप किंचाळतात. मी मेण घातलेलाच घेतो.

पण एक समजून घ्या. मेणाने ती बारीक शिट्टी जाते. गिटारचं पोट घुमायला लागून जो खालचा हूंऽऽ येतो त्याला कुठलाही पिकअप उपाय नाही. त्याला एफ-होल (वरच्या फळीतली f आकाराची भोकं) बंद करा, नाहीतर उभं राहायची जागा बदला. लोक या दोन गोष्टी एकच समजून पिकअपवर पैसे घालतात आणि मग वैतागतात.

टोरांटोवासी

सोल्डरगन यांना दुजोरा. मी ज्या शहरात राहतो तिथल्या गिटारवादक एड बिकर्टनं बरीच वर्षं फेंडर टेलिकास्टर या भरीव लाकडाच्या गिटारवर जॅझ वाजवलं, मानेकडे हमबकर बसवून. पोकळ पोट नाही, कोरीव लाकूड नाही, पी-९०ही नाही. आणि कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो! त्यामुळे 'आतले सूर हवेत तर पी-९०' हे विधान मला टिकताना दिसत नाही.

ज्यांच्याकडे खरोखर कोरीव गिटार आहे त्यांनी तर वरच्या फळीत भोक पाडूच नये. मानेच्या टोकाला किंवा पिकगार्डला बसणारा तरंगता पिकअप लावावा. पण मग तारा निकेलच्या हव्यात. ब्राँझच्या तारांचं वेटोळं पिकअपला ऐकूच येत नाही, फक्त आतली पोलादी गाभ्याची तार ऐकू येते, आणि साध्या दोन तारा ओरडू लागतात.

तिसरी_तार

सोल्डरगन, तुमच्या आकड्यांशी वाद नाही. पण पी-९० म्हणजे नुसती 'एक कॉइल कमी' नव्हे. त्याच्या कॉइलचं रूळच रुंद आणि बसकं, खाली दोन चुंबकं. ती घडणच वेगळी. कारण तुम्ही म्हणता ते नसेल, फरक मात्र कानाला येतो.

बिकर्टची टेलि भरीव लाकडाची. तिथे मानेकडचा हमबकर गढूळ होत नाही, कारण खर्ज फुगवायला पोटच नाही. माझं सगळं म्हणणं पोकळ लॅमिनेटपुरतं आहे.

आणखी एक, ज्याचा उल्लेख कोणीच केला नाही. आपण फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत) तारा लावतो, १२ किंवा १३चा जाड संच, तिसरी तार गुंडाळलेली. अशा संचात दुसरी, साधी तार नेहमी पुढे येते. पी-९०ला प्रत्येक तारेखाली फिरवता येणारा स्क्रू असतो. दुसरीचा खाली करा, तिसरीचा किंचित वर. कॉर्ड लगेच सरळ बसते.

ठाण्याचा_ठेका

हमबकरच्या एका कॉइललाही तेच सहा स्क्रू असतात. तेच करा, तेवढाच समतोल मिळेल, आणि गुणगुणही नाही. बिकर्टच्या हमबकरला तुम्ही भरीव लाकूड म्हणून सूट दिलीत, पण जो पासची १७५ लॅमिनेटचीच होती. तिचं काय?

सोल्डरगन

ठेका, बरोबर, पण हमबकरची दुसरी कॉइल बिनस्क्रूची असते, त्यामुळे स्क्रूचा परिणाम निम्मा मिळतो. पी-९०मध्ये पूर्ण मिळतो. एवढ्या एका बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूने. बाकी उंची आणि पॉट तपासल्याशिवाय कोणीही ऑर्डर टाकू नका.