मुंबईत बांधलेली लेडा क्लासची फ्रिगेट अजून पाण्यावर कशी?

दांडियाबाजारकर: नमस्कार मंडळी, मी बडोद्याची. भाचा इंग्लंडला शिकतोय, त्याने हार्टलपूलहून एका शिडाच्या युद्धनौकेचे फोटो पाठवलेत, नाव त्रिंकोमाली, आणि म्हणतो मावशी ही मुंबईत बांधलीय, 1817 साली! दोन दिवस तेच वाचत बसलेय. पण डिझाइन फ्रेंच, जहाज इंग्रजांचं, बांधणारे पारशी, हे जमलं कसं? आणि लाकूड दोनशे वर्षं टिकतं?

शीड_आणि_दोर: ताई, फोटो टाका ना इथे! इंग्रजांनी 1782 मध्ये एबे नावाची फ्रेंच फ्रिगेट (शिडाची वेगवान युद्धनौका) पकडली, आराखडा फ्रेंच जहाजरचनाकार साने यांचा (हो, उच्चार आपल्या सान्यांसारखाच), तिच्यावरून पुढे लेडा क्लास, म्हणजे एकाच आराखड्याच्या जहाजांची मालिका, निघाला. मुख्य मजल्यावर 18 पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या) 28 तोफा, वरच्या डेकवर आणखी, म्हणून कागदावर 38 तोफांची. मोठ्या लढाऊ जहाजांपुढे ही लहानच, पण वेगवान, टेहळणीला आणि व्यापारी जहाजं सांभाळायला हीच लागायची. याच क्लासच्या शॅननने 1813 मध्ये अमेरिकेची चेसापीक ही फ्रिगेट पाव तासात जिंकली.

गोदीप्रेमी: बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. वाडिया घराणं मूळचं आपल्या शेजारच्या सुरतचं, लवजी 1736 मध्ये मुंबईला गेले, हे इकडच्या लोकांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. आणि एक गंमत, त्रिंकोमालीच्या बांधणीचे पहिले नकाशे जावा नावाच्या जहाजातून येत होते, 1812 च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकन युद्धनौका कॉन्स्टिट्यूशनने त्या जहाजाची वाट लावली, नकाशेही गेले, परत मागवावे लागले, म्हणून उशीर.

शीड_आणि_दोर: लाकडाचं राहिलंच. मलबारी साग आहे तो. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलाने उलट जपले जातात. शिवाय ती इंग्लंडला पोचली 1819 मध्ये, तोवर नेपोलियनशी युद्ध संपलेलं, मग पंचवीसेक वर्षं नुसती उभीच. स्कॉटलंडमधल्या डंडीची युनिकॉर्न याच क्लासची, 1824 ची, तिला तर शिडं कधी चढवलीच नाहीत, वर छप्पर घालून ठेवली. या क्लासच्या या दोनच उरल्यात.

दांडियाबाजारकर: दोघांचे खूप आभार! आमच्या जुन्या घराच्या सागाच्या तुळया अजून ठणठणीत आहेत, त्यामुळे हे लगेच पटलं. भाचा पुढच्या महिन्यात परत जातोय तिकडे, त्याला सांगते डेकखाली उतर आणि आतल्या लाकडाच्या जोडांचे फोटो काढ, आले की टाकते.