मालिका लिहायला घेतली की कादंबरी सुटते का?

म्हापशेकर: एकच कादंबरी आलीय. खपल्या ११० प्रती, उरलेले गठ्ठे माळ्यावर बुरशी धरतायत. आता मालिकेची पटकथा लिहिणार का, असं विचारणं आलंय. शाळा सांभाळून घेऊ?

फोंड्याची वाचक: ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन बघा. १९८३ साली त्यांची कादंबरी अशी आपटली की पुढची कुणी घेईना. मग टीव्हीवर आधी लेखक, पुढे निर्माता. तिथं एकच रड: खर्च वाढतोय, पात्रं कमी करा! वैतागून १९९१मध्ये परत कादंबरीला बसले. किल्ले, सैन्य, हवं तेवढं घातलं. १९९६ला ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ हा पहिला खंड आला, २०११ला त्याचीच टीव्ही मालिका. पहिल्या चारही सीझनमध्ये त्यांनी एकेक भाग स्वतः लिहिला.

म्हापशेकर: आणि सहावा खंड? २०११ला पाचवा वाचून बसलोय!

फोंड्याची वाचक: तेच तर भय. मालिका त्यांच्या पुस्तकांच्या पुढे निघून गेली.

पणजीकार: मी दोन वर्षं मालिका लिहिली. रात्री अकराला फोन, ‘नट आजारी, उद्याचा सीन बदल.’ पैसे तीन महिन्यांनी. आधी लेखी करार करा बाबा. आणि ते गठ्ठे आजच खाली काढा.