दिवसभराच्या कामात ख्रिस्ताशी जडलेले राहणे म्हणजे नेमके काय?

प्रश्न

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम. सकाळी शास्त्रवाचन आणि प्रार्थना मी नियमाने करतो आणि त्या वेळी ख्रिस्त जवळ असल्याची जाणीव बहुधा असते; मात्र काम सुरू झाले की ती कुठल्या कुठे जाते, आणि पुष्कळदा रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावरच ध्यानात येते की मधल्या साऱ्या वेळात त्याची आठवणसुद्धा झाली नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात प्रभू ‘तुम्ही माझ्यामध्ये राहा’ असे म्हणतो. माझे हे सकाळपुरते राहणे त्याला अभिप्रेत नसणार, एवढे कळते. मग प्रार्थनेची वेळ वाढवावी, की माझ्या विश्वासातच काही उणे आहे? आणखी एक विचारायचे आहे. एका सहकाऱ्याविषयी माझ्या मनात राग धुमसत असतो आणि प्रार्थनेला बसताना तो मी बाजूला सारतो. हे योग्य आहे का?

उत्तर १

जाणीव आणि नाते या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते. प्रभूने हे शब्द उच्चारले ती त्याच्या अटकेची रात्र होती. ऐकणारे शिष्य त्याच रात्री गेथशेमाने बागेत झोपी गेले, पुढे त्याला सोडून पळाले, आणि पेत्राने तर त्याला तीन वेळा नाकारले. हे सारे ठाऊक असूनही त्याने त्यांना आपल्या वेलाचे फाटे म्हटले आणि त्यांनी त्याला नव्हे, तर त्यानेच त्यांना निवडले आहे असे सांगितले. पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून आपण आधीच विनंती केली आहे, हेही त्याने पेत्राला त्याच्या पतनापूर्वीच सांगून ठेवले होते (लूक २२:३२). वेलातील रस फाट्यापर्यंत पोहोचत असतो म्हणून फाटा जिवंत राहतो. वेलाला धरून ठेवण्याचे बळ फाट्यापाशी नसतेच. तेव्हा पूर्ण लक्ष मागणाऱ्या कामात मन गढून गेले, एवढ्यावरून संबंध तुटला असे समजू नये. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे पौलाने कलस्सै येथील मंडळीतील दासांना लिहिले (कलस्सै ३:२३), आणि त्या दासांच्या दिवसाचा एक तासही त्यांच्या स्वतःच्या हाती नव्हता.

उत्तर २

वरील उत्तराने मलाही धीर आला. तरीही त्याच अध्यायातील सहावे वचन गाळून चालणार नाही. जो राहत नाही तो फाट्यासारखा बाहेर टाकला जातो आणि वाळून जातो, असे प्रभू तेथे स्पष्ट म्हणतो. ‘राहा’ ही आज्ञा आहे, म्हणजे आपल्याकडून करण्यासारखे काहीतरी आहे. मात्र सकाळची वेळ वाढवण्यापेक्षा दिवसाच्या मध्ये थांबे ठेवणे मला अधिक हिताचे वाटते. दानिएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे. आरंभीच्या मंडळीतील ‘दिदाखे’ नावाची शिकवणही प्रभूची प्रार्थना रोज तीनदा म्हणायला सांगते. ज्यांना तेवढीही उसंत मिळत नाही, त्यांच्यासाठी ऑर्थोडॉक्स परंपरेतील लहानशी प्रार्थना आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ चालताना, जिना चढताना, कोणाची वाट पाहताना ती मनात म्हणता येते. रात्री मात्र केवळ अपराधी वाटून घेऊ नये. लोयोलाचे संत इग्नाशियस (१४९१–१५५६) यांनी शिकवलेले दिवसाचे परीक्षण उपकारस्तुतीपासून सुरू होते आणि चुकांकडे त्यानंतर वळते. हा क्रम आपल्यालाही उपयोगी पडेल.

सवय लागायला वेळ लागतो, हेही सांगितले पाहिजे. पॅरिसच्या कार्मेली मठात स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत भेद मानत नसत, परंतु त्यांची आरंभीची सुमारे दहा वर्षे मोठ्या आंतरिक क्लेशात गेली होती. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन यांपासून मात्र दूर राहू नका. मन कोरडे असले तरी त्या मेजाशी यावे, कारण तेथे देणारा तो आहे.

उत्तर ३

रागाविषयीचा आपला प्रश्न कडेला राहिला, आणि मला तर तोच मुख्य वाटतो. ‘माझ्या प्रीतीत राहा’ असे म्हटल्यावर प्रभू लगेच आज्ञा पाळण्याविषयी बोलतो, आणि ती आज्ञा एकमेकांवर प्रीती करण्याची आहे (योहान १५:९–१२). म्हणून दिवसातून किती वेळा त्याची आठवण झाली, यापेक्षा त्या सहकाऱ्याशी आपण कसे वागतो, यावरून त्याच्यामध्ये राहणे अधिक खरेपणाने ओळखता येते. राग बाजूला सारून प्रार्थना करू नये. तो प्रार्थनेतच आणावा. स्तोत्रकर्त्यांनी आपला संताप देवापुढे उघडपणे ओतला आहे. प्रार्थनेला उभे राहताना कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा, असे मार्क ११:२५ मध्ये प्रभू सांगतो, आणि त्याने शिकवलेल्या प्रार्थनेतील ज्या एका विनंतीवर तो लगेच पुन्हा बोलतो ती क्षमेचीच आहे (मत्तय ६:१४–१५). दुपारच्या थांब्यावर त्या सहकाऱ्याचे नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी काही मागा, मग ते एकच वाक्य का असेना. त्याने खरोखर अन्याय केला असेल, तर क्षमा केल्याने बोलण्याची वाट बंद होत नाही. एकांतात जाऊन त्याचा अपराध त्याला दाखवावा, हेही प्रभूचेच सांगणे आहे (मत्तय १८:१५). आधी प्रार्थना करा आणि नंतर त्याच्याकडे जा, पण फार दिवस लोटू देऊ नका.