हर्णैला इतिहास नाही म्हणे!

हर्णैची माहेरवाशीण: पंचवटीकरांनी काल लिहिलं, "गावाचा इतिहास बघायचा तर जुन्या बँकांच्या दगडी इमारती बघा. हर्णैला जाऊन आलो, सुवर्णदुर्ग सोडला तर नुसता मासळीचा वास." माझं सासर नाशिक, माहेर कोकणातलं हर्णै बंदर. वाचून डोकं फिरलं. संध्याकाळी लिलावाला थांबला होतात का? होड्या लांब उभ्या असतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात, वाळूवर ढीग पडतात आणि उभ्याउभ्या बोली लागते. आणि इमारतींचं काय सांगता! बँक ऑफ बॉम्बे 1840 ची. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस चढला, तेव्हा हिने शेअर्सच्या तारणावर सटोडियांना कर्जं वाटली. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, 1868 ला बँक गुंडाळली. दगडी भिंतींनी कुणाला वाचवलं?

निवृत्त कॅशियर: ताई, रागावून अर्धंच सांगताय. ठेवींना विमा मिळाला 1962 पासून. त्याआधी बँक बुडाली की लोकांचे पैसे बुडाले. जाड भिंती आणि भक्कम तिजोरी बघूनच माणूस पैसे ठेवायचा. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928 ला पाच रुपयांची नोट छापली, त्याआधी नोटा इंग्लंडहून यायच्या. तिथल्या भिंतींनाही इतिहास नाही म्हणणार का?

जुनं नाशिक: कसल्या भिंती घेऊन बसलात? सराफ बाजारातला सरकारवाडा राहिला म्हणून बरं. आमच्या गल्लीतले वाडे पाडून टॉवर झाले, तेव्हा कुणी धागा काढला नाही.

हर्णैची माहेरवाशीण: काका, ठेवीदाराचं झालं, कर्ज मागणाऱ्याचं काय? माझे वडील बोटीसाठी बँकेत गेले, तर साहेबांनी सातबारा मागितला. कोळीवाड्यातल्या घराला सातबारा कुठला? आले परत. मग दलालाकडून उचल घेतली. जाळं, डिझेल, बर्फ, सगळं उचलीवर. बदल्यात मासळी त्यालाच द्यायची आणि तो म्हणेल तो भाव घ्यायचा. आई दर हंगामाला विचारायची, किती फिटली? वडील गप्प.

मासळीवाला, नाशिकरोड: दलालाला शिव्या घालणं सोपं आहे हो. जून-जुलैच्या बंदीत चूल पेटते ती कुणाच्या पैशावर? रात्री इंजिन बिघडलं तर बँक शटर उघडते का? मुंबईच्या ससून डॉकवरून माल भरून कसारा घाट चढवतो मी, उधारी किती बुडते ते मला विचारा.

हर्णैची माहेरवाशीण: तुम्ही दलाल लोक व्याज घेत नाही म्हणता आणि भावात कापता! हिशेब कधी दाखवलात खलाशाला?

मासळीवाला, नाशिकरोड: मी कुणाचं कापलेलं नाही. तोंड सांभाळून बोला.

दर्यावर्दी: भांडताय काय? एलईडी दिव्यांच्या झोतावर मासळी गोळा करून पकडायला 2017 पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात दिवाळी असते. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारे, पिल्लंसुद्धा ठेवत नाहीत. मासळीच नाही उरली तर उचल काय नि कर्ज काय!

निवृत्त कॅशियर: एलईडीचा वेगळा धागा काढा. ताई, 2018 च्या बजेटमध्ये किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू केलं, हे तरी लिहा.

हर्णैची माहेरवाशीण: लिहिते. पण वडिलांची बोट तोवर विकली गेली होती.

पंचवटीकर: लिलावाचं मान्य, मी दुपारीच निघालो होतो. वास मात्र होताच. आणि इमारत निदान उभी असते, तिच्यावर साल कोरलेलं असतं, फाईल सापडते. तुमच्या लिलावाचा पुरावा कुठे?

हर्णैची माहेरवाशीण: दलालाच्या वहीत. बोटीचं नाव, मासळी, भाव, उचल, बाकी, सगळं असतं. बँकांची लेजरं कुणीतरी जपतं, या वह्या रद्दीत जातात. मासळीवाले दादा, तुमच्याकडे जुन्या असतील तर फेकू नका. मी नाशिकरोडला येऊन फोटो काढते.

मासळीवाला, नाशिकरोड: वडिलांच्या काळातल्या आहेत दोन. नावं झाकून देईन. रविवारी या, दुपारी दोननंतर.