फोर व्हील टाकल्यावर पिकअप वळताना अडकते. बिघाड आहे की असंच असतं?

कलमवाला_देवगड:

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. घरापासून बाग दीड किलोमीटर, त्यातला शेवटचा तुकडा लाल मातीचा चढाव. इतकी वर्षं खत वर न्यायचं आणि पेट्या खाली आणायच्या त्या भाड्याच्या गाडीने. पावसात तर कोणी यायलाच तयार नसायचं. म्हणून मार्चमध्ये आठ वर्षं जुनी डबल कॅब पिकअप घेतली. डिझेल, मॅन्युअल गिअर, डॅशबोर्डवर गोल नॉब : टू-एच (फक्त मागची दोन चाकं), फोर-एच (चारही चाकं), फोर-एल (चारही, पण कमी वेगात जास्त जोर).

हंगामात फोर व्हीलची गरजच पडली नाही. आता मृगाचा पाऊस झाला आणि कलमांना लेंडीखत घालायचं आहे, म्हणून परवा पहिल्यांदा खळ्यातच नॉब फोर-एच वर फिरवला. खळं चिऱ्याचं, वरून सिमेंट. गाडी वळवायला स्टिअरिंग पूर्ण कापलं तर मागून कोणी धरून ठेवल्यासारखी झाली. क्लच सोडला की गचका, आणि पुढच्या चाकांकडून कर्र-कर्र. नॉब परत टू-एच वर आणला तरी डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा दिवा मिचमिचत राहिला. गेटबाहेर थोडी सरळ गेल्यावर खालून ‘टक्’ असा मोठा आवाज आला आणि दिवा विझला.

काल चढावावर रिकामी गाडी अडकली. फोर-एच चालू होतं, तरी डावं पुढचं आणि उजवं मागचं अशी दोनच चाकं गरागरा फिरत होती, बाकीची दोन जागच्या जागी. मग फोर व्हील म्हणजे काय?

आमच्याकडचे मेकॅनिक म्हणाले, पुढचा डिफ (डिफरन्शियल, एक्सलमधला गिअरचा गोळा) गेला, उतरवावा लागेल, चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चला. बाबा म्हणतात, गाडी विकून मोकळा हो. एवढे पैसे घालण्याआधी मला कळायला हवं की धडधाकट फोर व्हील वागते कशी. जाणकारांनी कृपया सांगा.

घाटवाट:

डिफ उघडू देऊ नका. सिमेंटवर फोर-एच टाकून वळलात, तिथेच उत्तर आहे. माझ्याकडेही पार्ट-टाइम फोर व्हीलचीच (गरजेपुरती जोडायची) गाडी आहे, कोरड्या रस्त्यावर ती अशीच अडते. बाकीचं गॅरेजवाले काका सांगतील.

गॅरेज_आजरा:

दादा, मी आजऱ्याकडे गॅरेज चालवतो. सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं, कारण जे दिसलं ते तुम्ही नीट पाहून सांगितलंय.

डिफरन्शियल म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये ती नाही. नॉब फोर-एच वर गेला की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलपर्यंत जोर नेणारे दांडे, एकमेकांना बांधून टाकते. मागचा एक फेरा फिरला की पुढचाही एकच फिरणार. पण गाडी वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. मागचा एक्सल साडेपाच मीटर त्रिज्येने वळत असेल आणि दोन एक्सलमधलं अंतर तीन मीटरच्या थोडं वर असेल, तर पुढचा जवळपास सहा मीटर तीस सेंटिमीटरने वळतो. म्हणजे काटकोनात एक वळण घेतलंत की पुढच्या चाकांना सव्वा मीटर जास्त चालायचं असतं, साधारण अर्धा फेरा. तो अर्धा फेरा शाफ्ट त्यांना देत नाहीत.

चिखलात, वाळूत, ओल्या गवतात टायर थोडा घसरतो आणि हिशेब तिथल्या तिथे मिटतो. सिमेंटवर टायर घसरत नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्ट, गिअर आणि ट्रान्सफरमध्ये साठतो. तेच तुमचं अडकणं, तोच गचका. नॉब टू-एच वर आणला तरी दात पिळात दाबलेले असल्यामुळे सुटत नाहीत, तोवर दिवा मिचमिचतो. गाडी सरळ चालली की पीळ उतरतो आणि ‘टक्’ करून सुटतो. पुढच्या वेळी असं झालं तर स्टिअरिंग सरळ ठेवून दोन-तीन मीटर रिव्हर्स घ्या, लगेच सुटेल. थोडक्यात, ती अडली म्हणजे पुढचा एक्सल जोडला जातोय. डिफ खरंच फुटला असता तर खळ्यात ती अशी धरून राहिलीच नसती.

आता दोनच चाकं फिरली त्याबद्दल. ट्रान्सफरने दोन एक्सलना बांधलं, पण प्रत्येक एक्सलच्या पोटात साधा उघडा डिफ आहेच. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक घसरडीवर किंवा हवेत असलं की त्याला फिरायला जेमतेम जोर पुरतो, आणि पकड असलेल्या चाकालाही तेवढाच मिळतो. म्हणून पुढचं एक आणि मागचं एक, तिरक्या कोपऱ्यांतली, फिरत राहिली. लॉक किंवा लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहणं रोखणारी सोय) नसलेली कुठलीही फोर व्हील हेच करणार. शिवाय पिकअप रिकामी असली की मागून हलकी असते. आठ-दहा गोणी टाकून त्याच चढावावर जा, फरक जाणवेल.

मला एकच शंका आहे. दिवा विझायला गेटबाहेरपर्यंत जावं लागलं, हे मला थोडं जास्त वाटतंय. चारही टायर सारखे झिजलेत का? आणि टू-एच मध्ये, साध्या रस्त्यावर, वळताना पुढून कट-कट-कट असा आवाज येतो का? तो येत असेल तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट बघावा लागेल, ते वेगळं दुखणं.

कलमवाला_देवगड:

काका, खूप आभार. रात्री बाबांना वाचून दाखवलं. अर्धा फेरा समजावा म्हणून अंगणात खडूने दोन वळसे काढून मोजले.

टू-एच मध्ये कुठलाच आवाज नाही. टायरचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. गाडी घेतल्यावर पुढचे दोन नवे टाकले, मागचे जुनेच आहेत. साइज एकच, २४५/७० आर १६. मोजपट्टी लावली : पुढे खाच ८ मिलिमीटर, मागे ३.

गॅरेज_आजरा:

सापडलं मग. पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ते त्रिज्येत आहेत. तुमच्या साइजच्या टायरचा घेर दोन मीटर पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास, एका किलोमीटरला सुमारे सव्वाचारशे फेरे. मागचा टायर दीड टक्क्याच्या आतबाहेर लहान, म्हणजे किलोमीटरला पाच-सहा फेरे त्याला जास्त हवेत. मग सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ साठणार, उतरायचा बाजूलाच. मागे तसेच दोन टायर टाका, त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे. डिफच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

तेवढ्यात पुढच्या डिफचं आणि ट्रान्सफरचं ऑइल बदलून घ्या, आणि ड्रेन बोल्टच्या चुंबकाला काय चिकटलंय ते स्वतः बघा. काळं पीठ लागलेलं चालतं. दाताचे तुकडे दिसले तर मला इथे कळवा.

आणि फोर-एल कसं टाकायचं तेही सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. गाडी पूर्ण थांबवा, गिअर न्यूट्रलला, क्लच दाबलेला, मग नॉब. दिवा स्थिर होईपर्यंत क्लच सोडायचा नाही. फोर-एल मध्ये चाकावरचा जोर साधारण अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी. भरलेली गाडी त्या चढावावर फोर-एल, दुसऱ्या गिअरमध्ये न्या, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून. उतरताना पहिला गिअर, पाय क्लचवरून बाजूला, इंजिनच गाडी धरेल. फोर व्हील टाकलं म्हणून ब्रेक मात्र जास्त चांगले लागत नाहीत. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण चढाव सहज चढलेला माणूस उतारावर जोरात येतो.

मस्कतहून:

मी मूळचा मालवणचा, बारा वर्षं ओमानमध्ये साइटवर पिकअप चालवतोय. काकांचं सगळं पटलं. माझ्याकडून एक भर : हवा. शर्किया वाळवंटात शिरण्याआधी आम्ही टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवतो. टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. लाल चिखलात एवढी उतरवायची गरज नाही, खाली दगड असतात, टायरची बाजू फाटेल. रिकाम्या गाडीला नेहमीपेक्षा थोडी कमी केली तरी पुरे, पण डांबरावर येण्याआधी परत भरायची. आणि फोर व्हील महिन्यातून एकदा तरी मोकळ्या मातीवर काही किलोमीटर चालवा, म्हणजे पुढच्या डिफमध्ये ऑइल फिरतं. तुमची गाडी मार्चपासून तशीच होती.

कलमवाला_देवगड:

कळवायला दहा दिवस लागले. मागे दोन नवे टायर टाकले, दोन्ही ऑइल बदलली. बोल्ट मी स्वतः पुसला : काळं पीठ, तुकडा एकही नाही. ज्यांनी डिफ गेला म्हटलं होतं त्यांनाही तो दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टायरचा हिशेब कागदावर मागून घेतला.

काल बारा गोणी लेंडीखत घालून फोर-एल, दुसऱ्या गिअरमध्ये बागेत गेलो. गेल्या वेळी अडकलो होतो त्या ओहळापाशी उजवं मागचं चाक क्षणभर फिरलं, मी पाय तसाच ठेवला, आणि गाडी वर चढली. बाबा शेजारी बसले होते. परत येताना नॉब टू-एच वर आणला, तीन मीटर रिव्हर्स घेतली आणि दिवा तिथेच विझला. आज उरलेल्या पन्नास कलमांचं खत नेतोय.