ब्रेक दाबला की पिकअपचं स्टेअरिंग थरथरतं

ए-२०३: पिकअप ८०च्या आसपास असताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरतं. पाय काढला की बंद. पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) आणि त्यांना दाबणारे पॅड पाच महिन्यांपूर्वीच नवे टाकलेत. पहिले दोन-तीन महिने काहीच नव्हतं. गॅरेजमध्ये म्हणतात डिस्क परत बेंड झाल्या, परत बदला. काय करू?

सी-६०१: आधी एक सांगा. ब्रेक न लावता त्याच वेगाला काही जाणवतं?

ए-२०३: नाही ताई, एकदम शांत.

सी-६०१: मग बॅलन्सिंग, टायर बाजूला ठेवा. तो दोष ब्रेकची वाट बघत नाही.

डी-१०४: नुसतं स्टेअरिंग हलतं की सीटपण? स्टेअरिंग म्हणजे पुढची चाकं. स्टेअरिंग शांत आणि धक्के सीटखाली नि पॅडलमध्ये येत असतील तर मागचे ब्रेक ड्रम गोल राहिलेले नसतात. शंका असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर ३०च्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर हळूहळू ओढा. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. धक्के आले तर ड्रम उघडा.

ए-२०३: फक्त स्टेअरिंग. हँडब्रेकला काही नाही.

बी-४०२: गाडी तापलेली असताना धुतली असेल. गरम डिस्कवर पाणी पडलं की वाकतेच.

सी-६०१: काका, सगळे तेच म्हणतात, पण इथे ते जुळत नाही. पाण्याने वाकली असती तर बहुतेक त्याच दिवशी कळलं असतं. तीन महिने गुळगुळीत आणि मग हळूहळू थरथर, याचा अर्थ डिस्क बसवतानाच तिरकी बसली.

थोडं लांबलचक लिहिते. तिरकी डिस्क फिरताना डावी-उजवी डोलते. जाडी सगळीकडे सारखी असेल तोवर कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, पिनांवर सरकून तिच्याबरोबर डोलतो, हाताला काही कळत नाही. पण ब्रेक न दाबतासुद्धा डिस्कचा पुढे आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला घासून जातो. काही हजार किलोमीटरमध्ये तेवढाच भाग झिजून पातळ होतो. मग ब्रेक दाबला की जाड भागावर पकड घट्ट, पातळ भागावर सैल. ८०ला चाक सेकंदाला साधारण १० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १० झटके. पुढचं सस्पेन्शन आणि स्टेअरिंग नेमकं त्याच ठेक्यावर डोलायला लागतं. म्हणून ४०ला जाणवत नाही आणि ८०ला हात हलतात.

जाडीतला फरक ०.०२ मिमी झाला तरी पुरतो. डोळ्याला काय दिसणार!

बी-४०२: नवी डिस्क तिरकी बसेलच कशी? नटच आवळायचे असतात ना?

डी-१०४: हबवरचा गंज. हब म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग. जुनी डिस्क काढायची, नवी ठोकायची, हबचा चेहरा कुणी घासतच नाही. गंजाचा थर एका बाजूला ०.०५ मिमी असेल, हबचा व्यास १५० आणि डिस्कचा ३०० धरला, तर डिस्कच्या काठावर तेच दुप्पट होऊन ०.१ होतं. डोलाची मर्यादा बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१च्या दरम्यान असते, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा.

दुसरं कारण गन. एअर गनने एक नट कमी, एक जास्त आवळला की डिस्क तिथे ओढली जाते.

ए-२०३: मग मोजायचं कसं? डायल गेज मिळतंय.

डी-१०४: हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना गुटके लावा. पुढून उचलून स्टँडवर टेका, नुसत्या जॅकवर काम नको. चाक काढल्यावर डिस्क सैल असते, म्हणून सगळे नट वॉशर घालून परत लावा आणि सारखे आवळा. हे विसरलात तर आकडा खोटा येतो. गेज नकलवर (हब धरून ठेवणारा, न फिरणारा भाग) टेकवा, टोक डिस्कच्या बाहेरच्या काठापासून १० मिमी आत. एक पूर्ण फेरा हाताने फिरवा. सर्वांत जास्त वजा सर्वांत कमी, तो डोल.

सी-६०१: मग मायक्रोमीटरने जाडी घ्या, ४५-४५ अंशांवर आठ ठिकाणी. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

त्याआधी चाक बसलेलं असतानाच वर-खाली आणि डावी-उजवीकडून धरून हलवून बघा. बेअरिंग किंवा बॉल जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर गेजचा उपयोग नाही, आधी तो काढा. स्टेअरिंगचे टाय रॉड एंड आणि सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बुश ढिले असतील तर छोटी थरथर मोठी होऊन हातात येते. मूळ दोष मात्र ते नसतात.

ए-२०३: मोजलं. प्ले कुठेच नाही. उजवी डोल ०.०३, डावी ०.१२. डाव्या डिस्कची जाडी २७.८९ ते २७.९३. किमान २६ लिहिलंय. डिस्क काढली तर हबवर दोन स्टडच्या (ज्यांवर नट लागतात ते) मधे तपकिरी खपली, नखाने निघत नाही. डिस्कच्या आतल्या बाजूलाही त्याच जागी चंद्रकोरीसारखा ठसा.

सी-६०१: सापडला चोर. 😄

डी-१०४: ती खपली वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने साफ करा, स्टडच्या मुळाशी खास. ग्राइंडर लावू नका, हबच खाली जाईल. डिस्कचा आतला चेहराही घासा. मग बसवून परत मोजा. तरी जास्त आली तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बघा, कधी हबचा आणि डिस्कचा दोष एकमेकांना खातो.

कॅलिपर काढाल तेव्हा ब्रेकच्या होजवर लटकवू नका, तारेने बांधा. सरकत्या पिना हाताने सहज हलल्या पाहिजेत. अडकत असतील तर साफ करून सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस रबर फुगवतं.

ए-२०३: साफ केल्यावर डावी ०.०४. मग झालं?

सी-६०१: डोल गेला, पण झीज झालीच आहे. ०.०४चा फरक घासून जाणार नाही. किमान जाडीला जवळपास २ मिमी बाकी आहेत, म्हणजे नवी डिस्क नको. दोन्ही बाजूंच्या डिस्क टर्न करून, म्हणजे लेथवर कापून सपाट करून घ्या, शक्य असेल तर गाडीवरच बसवून करतात त्या लेथवर. त्यात हबचा उरलासुरला दोषही कापला जातो. पॅडवर जुन्या डिस्कची छाप असते, नवे टाका.

डी-१०४: नट हाताने आधी बसवा, मग समोरासमोरच्या जोडीने, तीन टप्प्यांत, शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला. गाडी हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जातो. मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १०पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता. नंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करा. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा माल तिथेच चिकटतो आणि थरथर नव्या कारणाने परत येते. भरलेल्या गाडीने उतारावर तेच होतं, तिथे खालचा गिअर वापरा.

बी-४०२: ब्रेक ऑइल पार्किंगमध्ये सांडू नका म्हणजे झालं. शेजारच्या गाडीचा रंग उडतो.

डी-१०४: खरंय काका. पिस्टन मागे दाबताना टाकी ओसंडते, झाकण उघडून लक्ष ठेवा आणि खाली फडकं टाका.